टास्मानियात स्वतः गाडी चालवताना : अंधाराआधी मुक्काम

गेल्या महिन्यात या सदरात मी ओझरतं लिहिलं होतं, की बँकेतून निवृत्त झाल्यावर आम्ही तिघं, म्हणजे मी, आमचे हे आणि नणंदबाई, टास्मानियात सोळा दिवस भाड्याची गाडी घेऊन फिरलो आणि सगळे दिवस गाडी मीच चालवली. त्या दोन ओळींवर एवढी पत्रं आली की यावेळचं सदर त्यालाच देते आहे. ज्यांना नकाशा उघडावा लागेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टास्मानिया हे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं, बास सामुद्रधुनीच्या पलीकडचं बेट, आणि ऑस्ट्रेलियाचंच एक राज्य. क्षेत्रफळ सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या विदर्भापेक्षा बरंच लहान. लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास, आपल्या नागपूर शहराच्या पाव हिस्साही नाही. राजधानी हॉबार्ट. बाकी डोंगर, तळी, ओलं जंगल आणि मधूनमधून हजार-दोन हजार वस्तीची गावं.

प्रश्न : आम्ही दोघं नवराबायको, वय ५९ आणि ५६. पचमढी, हम्पी, गोवा, सगळं स्वतःच्या गाडीनं केलं आहे. मुलगी मेलबर्नला असते. एप्रिलच्या शेवटी तिच्याकडे जाणार आहोत, त्यातले आठ दिवस टास्मानियासाठी काढले आहेत. अख्ख्या बेटाला फेरी मारायची आहे. रोज साधारण साडेतीनशे किलोमीटर पडतात. समृद्धीवरून शिर्डी आम्ही एका दमात गाठतो, त्यामुळे हे जड जाईल असं वाटत नाही. आखणी सोबत पाठवली आहे, काही सुधारणा सुचवाल का? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : दादा, तुमची आखणी नकाशा समोर ठेवून दोनदा वाचली. सुधारणा एकच आहे, पण मोठी आहे. निम्मं खोडून टाका.

समृद्धीचं गणित तिथे चालत नाही. पश्चिमेकडच्या रस्त्यावर पाटी १०० ची असते, पण वळणं अशी की काटा साठ-सत्तरच्या वर जात नाही. चिखलदऱ्याचा घाट आठवा. आपल्याकडे तो तासाभरात संपतो, तिथे तसा रस्ता अर्धा अर्धा दिवस चालतो. क्वीन्सटाऊन गावात उतरताना जी वळणं लागतात त्यांना तिथले लोक ‘नव्याण्णव वळणं’ म्हणतात. शिवाय एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, आणि महिनाअखेरीस सूर्य साडेपाचच्या आतबाहेर मावळतो. सकाळी नऊला निघालात तर हातात आठ तास. त्यातले साडेपाच स्टिअरिंगवर गेले, तर बघायला उरलं काय?

पण एवढंच असतं तर मी इतक्या आग्रहानं लिहिलं नसतं. खरं कारण वेगळं आहे, आणि ते मी स्वतः भोगलं आहे.

क्रेडल माउंटनहून स्ट्राहान या बंदराच्या गावी जायचं होतं. अंतर सुमारे १४० किलोमीटर, म्हणून मी निर्धास्त होते. दुपारी निघायच्या ऐवजी आम्ही तिथल्याच रॉनी क्रीकला रेंगाळलो, कारण तिथे वॉम्बॅट चरत होते. वॉम्बॅट म्हणजे डुकराच्या पिल्लाएवढा, अस्वलासारखा केसाळ, पोटाला पिशवी असलेला प्राणी. लाकडी फळ्यांच्या पायवाटेपासून चार हातांवर एक बसका, गुबगुबीत जीव गवत उपटत होता आणि मुळं तुटतानाचा कुरकुर आवाज स्पष्ट ऐकू येत होता. माणसांकडे त्याचं लक्षच नव्हतं. जवळच्या दगडावर त्याची चौकोनी लेंडी पडलेली, अगदी फाशांसारखी. वॉम्बॅटच्या आतड्याची ताणायची ताकद सगळीकडे सारखी नसते, म्हणून लेंडी चौकोनी होते. नणंदबाई हलायला तयार नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हते.

रोझबेरी गाव मागे पडलं तेव्हा पाच वाजून गेले होते. आकाशात उजेड होता, झाडांखाली मात्र रस्ता काळवंडला होता. एका वळणानंतर डावीकडच्या नेच्यांतून काहीतरी करड्या रंगाचं उडी मारून आलं. मी ब्रेक दाबला. धप् असा एकच आवाज झाला.

ती पॅडीमेलन होती. कांगारूच्या कुळातलं, सशापेक्षा मोठं आणि वॅलबी या छोट्या कांगारूपेक्षाही लहान असं हे जनावर. जागीच गेली होती. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले, पण पाय लटपटत होते. मागून एक जुना पिकअप आला आणि चारी दिवे लुकलुकत ठेवून थांबला. साठीचा माणूस उतरला. माझ्याशी बोलायच्या आधी तो त्या प्राण्यापाशी गुडघ्यावर बसला, टॉर्च दातांत धरला आणि दोन बोटांनी पोटावरची पिशवी अलगद उघडून आत बघितलं. पिशवीत पिल्लू होतं, तळहाताएवढं. कान डोक्याला चिकटलेले आणि अंगावर जेमतेम लव. पिल्लानं आचळ तोंडात धरलेलं असेल तर ते ओढून काढायचं नसतं, तोंडाला इजा होते, असं तो नंतर म्हणाला. याचं सुटलेलं होतं. त्यानं डोक्यावरची लोकरी टोपी काढली, पिल्लू तिच्यात ठेवलं आणि ती टोपी शर्टाच्या आत, छातीशी धरली. मग दुसऱ्या हातानं त्या आईला शेपटीला धरून रस्त्यापासून चांगलं आठ-दहा पावलं आत ओढून नेलं.

मी विचारलं, एवढं आत कशाला? तो म्हणाला, मेलेलं जनावर रस्त्यावर राहिलं तर रात्री टास्मानियन डेव्हिल ते खायला येतात आणि तेच गाडीखाली सापडतात. एका धडकेतून दुसरी होते. या डेव्हिलांना आधीच एका संसर्गजन्य कर्करोगानं गाठलं आहे. चेहऱ्यावर गाठी येतात, एकमेकांना चावताना रोग पसरतो. १९९६ मध्ये तो पहिल्यांदा दिसला आणि त्यानंतर त्यांची संख्या फार घसरली. म्हणून तिथे रस्त्यावर मेलेला एकेक डेव्हिल लोकांना लागतो.

त्यानं मला त्याच्या गाडीमागे ठेवलं आणि स्ट्राहानपर्यंत पन्नासच्या वेगानं घेऊन गेला. पिल्लू सांभाळणाऱ्या एका बाईंकडे देतो म्हणाला. पुढे त्याचं काय झालं ते मला कळलं नाही. आजही रात्री पेंचच्या बाजूनं येताना, जिथे महामार्ग उंच उचलून जनावरांना खालून वाट ठेवली आहे, तिथे मला ती टोपी आठवते.

तेव्हा दादा, नियम एकच करा. सूर्य मावळायच्या एक तास आधी मुक्कामी. तिथले बहुतेक प्राणी संध्याकाळी बाहेर पडतात आणि पहाटेपर्यंत रस्त्यावर असतात. तिथल्या डांबरावर दर काही किलोमीटरला जे दिसतं ते बघितलं की हा नियम कोणी सांगावा लागत नाही, पण पहिल्या दिवशी ते अजून दिसलेलं नसतं. आणि धडक झालीच, तर गाडी सुरक्षित जागी लावा, मागून कोणी येत नसेल तरच पिशवी बघा, पिल्लू असेल तर ऊब द्या, खायला-प्यायला काहीही देऊ नका आणि वन्यप्राणी बचाव सेवेला फोन करा. हॉबार्टजवळच्या बोनोराँग अभयारण्याची सेवा त्यासाठीच आहे. नंबर निघायच्या आधी फोनमध्ये घाला.

आता आठ दिवसांचं. पूर्व किंवा पश्चिम, दोन्ही नाही. बहुतेक लोक पूर्व किनारा निवडतात. तो सुंदर आहेच. फ्रेसिने राष्ट्रीय उद्यानातले गुलाबी ग्रॅनाइटचे डोंगर आणि वाइनग्लास बे या खाडीचा तो अर्धचंद्र वरच्या गच्चीवरून बघताना आमच्या ह्यांनी कॅमेरा खाली ठेवला होता. पण तुम्ही एप्रिलच्या शेवटी जाताय, म्हणून मी पश्चिम सांगेन, आणि त्याचं कारण एक झुडूप आहे. त्याला तिथे फॅगस म्हणतात. ऑस्ट्रेलियात थंडीत पानं गाळणारं हे एकमेव मूळचं झाड, आणि तेही टास्मानियाबाहेर कुठे उगवत नाही. पान जेमतेम नखाएवढं, चुण्या पडलेलं, पंख्याची घडी घालावी तसं. २५ एप्रिलच्या आसपास अख्खा उतार आधी पिवळा, मग नारिंगी, मग लाल होतो. क्रेडलजवळच्या क्रेटर लेकच्या काठी आम्ही ते बघितलं. पाऊस पडत होता, हात गारठले होते आणि समोर आपल्या उन्हाळ्यातल्या पळसासारखी आग लागलेली.

मेलबर्नहून विमानानं लॉन्सेस्टनला उतरा, परतीचं विमान हॉबार्टहून घ्या. गाडी एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडता येते. थोडे पैसे जास्त पडतात, पण उलटं येणं वाचतं. लॉन्सेस्टनहून क्रेडल दीडशे किलोमीटरच्या आत आहे, तिथे तीन रात्री. दोन म्हणू नका. पहिल्या दिवशी डोंगर ढगात असतो आणि कधीकधी दुसऱ्याही दिवशी. डव्ह लेककडे दिवसा खासगी गाडी नेता येत नाही, पर्यटन केंद्रावर गाडी लावून बसनं जायचं. तळ्याभोवतीची वाट सहा किलोमीटरची आहे. तुमच्या वयाला तीन तास धरा, मध्ये बसायला वेळ ठेवा. वाटेत वाल्डहाइम नावाची लाकडी वास्तू लागते, ती जरूर बघा. मूळची गुस्टाफ वाइनडॉर्फर नावाच्या ऑस्ट्रियन माणसानं १९१२ मध्ये पाहुण्यांसाठी बांधली, आज दिसते ती तिची प्रतिकृती. हा डोंगर सगळ्या लोकांसाठी कायमचा राखून ठेवला पाहिजे, हा त्याचा ध्यास होता. मग स्ट्राहानला दोन रात्री. तिथून हॉबार्ट तीनशे किलोमीटर, हा एकच लांबचा दिवस. त्या दिवशी सकाळी आठला निघा आणि वाटेत लेक सेंट क्लेअरला जेवा. ऑस्ट्रेलियातलं सर्वांत खोल तळं तेच. उरलेल्या रात्री हॉबार्टला. शनिवार मिळाला तर सालामांका बाजार. पूर्व किनारा पुढच्या खेपेला ठेवा. मुलगी मेलबर्नला आहे, पुन्हा जाणं होईलच.

प्रश्न : माझं लायसन्स एमएच ४९ चं, स्मार्ट कार्ड आहे. तिथे चालेल का? आंतरराष्ट्रीय परवाना काढावाच लागतो का? (दिघोरी)

उत्तर : टास्मानियात पर्यटक म्हणून फिरताना इंग्रजीतलं चालू लायसन्स कायद्यानं पुरतं, आणि आपल्या कार्डावर मजकूर इंग्रजीत असतोच. तरी परवाना काढा. आम्हाला गाडी देणाऱ्या काउंटरवर तो मागितला, कायद्यात नसलं तरी त्यांच्या करारात होतं. आरटीओत पासपोर्ट दाखवून तो मिळतो, हजार रुपये फी आहे आणि एक वर्ष चालतो. मूळ लायसन्स सोबत हवंच.

गाडी डावीकडूनच चालवायची आणि स्टिअरिंग उजवीकडेच, त्यामुळे हात लगेच बसतो. सवयी मात्र बदलाव्या लागतात. गोल चौकात जी गाडी आधीच आत आहे तिला आधी जाऊ द्यायचं. ‘स्टॉप’ची पाटी असेल तिथे रस्ता मोकळा असला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. हॉर्नला हात लावू नका. घाटात मागे रांग लागली तर कडेला काढलेल्या जागेत शिरून त्यांना जाऊ द्या. गावात वेगमर्यादा सहसा ५०, गावाबाहेर डांबरी रस्त्यावर १०० आणि कच्च्या रस्त्यावर ८०, तेही पाटी वेगळं सांगत नसेल तर. सही करण्याआधी विम्याबद्दल दोन प्रश्न तोंडी विचारा आणि उत्तर करारात कुठे लिहिलं आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा : कच्च्या रस्त्यावर विमा लागू आहे का, आणि रात्री प्राण्याला धडक बसली तर काय. आम्ही दुसरा प्रश्न विचारला नव्हता. बंपरचा खर्च आम्हालाच भरावा लागला.

प्रश्न : मी ६८ वर्षांची, पूर्ण शाकाहारी. मुलगा-सून गाडीनं टास्मानिया करायचं म्हणतात. माझ्या खाण्याचं कसं होईल? घरून काय नेता येईल? नातवाला संत्रा बर्फी न्यायची आहे. (महाल)

उत्तर : काकू, संत्रा बर्फी घरीच ठेवा. तिच्यात खवा आहे. भारतातून दुधाची मिठाई ऑस्ट्रेलियात नेऊ देत नाहीत. ताजं फळ, भाजी, बियाणं यांचंही तेच. विमानात जो कार्ड देतात त्यावर खाण्याची प्रत्येक वस्तू आहे म्हणून सरळ खूण करा. खूण केली आणि वस्तू चालली नाही, तर ती काढून घेतात आणि विषय संपतो. लपवली आणि सापडली, तर मोठा दंड. म्हणून आम्ही घरी कुटलेलं भिवापुरी तिखटसुद्धा नेलं नाही. मसाले कंपनीच्या बंद पाकिटातले नेले आणि दाखवून नेले.

दुसरी तपासणी लोक विसरतात. मेलबर्नहून टास्मानियात शिरताना पुन्हा बघतात, कारण बेटावर मुख्य भूमीवरच्या फळमाश्या आणि रोग येऊ द्यायचे नाहीत. नणंदबाईंनी मेलबर्नच्या बाजारातून दोन संत्री घेतली होती. काटोलच्या संत्र्याशी सोलून, हुंगून तुलना करायची होती त्यांना. हॉबार्टच्या विमानतळावर एक छोटं कुत्रं सामानाच्या रांगेतून वास घेत आलं आणि त्यांच्या पिशवीपाशी शांतपणे खाली बसलं. भुंकलं नाही, काही नाही, नुसतं बसलं. अधिकारी बाईंनी नम्रपणे पिशवी उघडायला सांगितली आणि दोन्ही संत्री पिवळ्या पिंपात गेली. नणंदबाईंना वाईट वाटलं. पण दोन दिवसांनी हुऑन खोऱ्यात, रस्त्याकडेला एका फळीवर सफरचंदांच्या पिशव्या आणि शेजारी पैसे टाकायचा डबा, विकणारा कोणी नाही, असं बघितलं. एप्रिल हा तिथल्या सफरचंदांचा हंगाम. त्या फळांवर एक डाग नव्हता. तेव्हा त्याच म्हणाल्या, बरोबर आहे बाई त्यांचं, आपल्याकडे बागा रोगानं गेल्या तेव्हा कोणी असं कुत्रं बसवलं नव्हतं.

जेवणाची काळजी करू नका. मुक्कामासाठी स्वयंपाकघर असलेल्या केबिन घ्यायला मुलाला सांगा, जवळजवळ प्रत्येक गावात मिळतात. हॉबार्ट आणि लॉन्सेस्टनला तूरडाळ, पोहे, बेसन, कढीपत्ता सगळं मिळतं, तिथूनच भरून घ्या. पुढच्या गावांत बटाटे, कांदे, दूध, ब्रेड एवढं सगळीकडे असतं. लहान गावातली हॉटेलं दुपारी तीनलाच खुर्च्या उलट्या करतात आणि रात्री आठनंतर स्वयंपाकघर बंद, हे लक्षात ठेवा. आणि फोडणी घालायच्या आधी खिडकी उघडून पंखा लावा, कारण धुराची घंटा छताला असते आणि मोहरी-मिरचीच्या खाटानं ती वाजते. आमची स्ट्राहानला रात्री साडेआठला वाजली आणि शेजारचे काळजीनं धावत आले. त्यांना मग पिठलं-भात वाढला.

प्रश्न : मी वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीत) एकतीस वर्षं काढून निवृत्त झालो. बायकोला डोंगर-समुद्र बघायचा आहे, मला तिथली गावं आणि माणसं. खाणीचं एखादं गाव आहे का? की सगळं नुसतं जंगलच? (उमरेड)

उत्तर : काका, तुमच्या प्रश्नानं मला सगळ्यात जास्त आनंद झाला, कारण लोक क्वीन्सटाऊनमध्ये पेट्रोल भरतात आणि पुढे जातात. तुम्ही तिथे थांबा.

पूर्वेकडून येताना तुम्ही दोन-तीन तास हिरव्यागार ओल्या जंगलातून येता. मग एका खिंडीनंतर डोंगर एकदम उघडेबोडके. पिवळे, गुलाबी, राखाडी, कुठे लोखंडी गंज चढल्यासारखे. हा निसर्ग नव्हे, खाणीची करणी आहे. माउंट लायलच्या तांब्याच्या खाणीसाठी १८९६ पासून इथे भट्ट्या पेटल्या. इंधनासाठी आसपासची झाडं तोडली गेली. खनिजातलं गंधक जळून जो धूर निघायचा त्यानं उरलेली मेली. वणव्यांनी राख केली, आणि मग तिथला बारमाही पाऊस माती धुऊन घेऊन गेला. १९६९ मध्ये भट्ट्या बंद झाल्या, तेव्हापासून हळूहळू हिरवं परततं आहे. तुम्ही उमरेडच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर लावलेली झाडं वाढताना बघितली असतील, तुम्हाला ते वेगळ्या डोळ्यांनी दिसेल. गावातल्या काही लोकांना मात्र ते उघडे डोंगरच आपले वाटतात, ते तसेच राहावेत असं म्हणतात. एका आजीबाईंनी मला हे दुकानात सांगितलं. तिचे वडील आणि आजोबा दोघंही खाणीत होते.

१२ ऑक्टोबर १९१२ ला तिथल्या नॉर्थ माउंट लायल खाणीत पंपघराला आग लागली आणि ४२ कामगार धुरानं गेले. गावात फिरताना ही तारीख मनात ठेवा. फुटबॉलचं मैदानही बघा. गवत टिकेना म्हणून ते खडीचं आहे, आणि पोरं त्याच्यावरच खेळतात, पडतात, सोलवटून घेतात. खनिज बंदरापर्यंत न्यायला घातलेली आगगाडी आता प्रवाशांसाठी चालते. चढावर रुळांच्या मध्ये दात्यांची पट्टी आहे आणि इंजिनाचं चाक तिच्यात अडकून वर सरकतं. तुम्ही तासभर ते यंत्रच बघत बसाल.

तिथून चाळीस किलोमीटरवर स्ट्राहान. हे लाकूडतोड्यांचं आणि कोळ्यांचं गाव. हुऑन पाइन नावाचं झाड या नद्यांकाठी वाढतं, इतकं सावकाश की वर्षाला बुंधा मिलिमीटरभर जाड होतो, आणि दोन हजार वर्षांवर जगतं. लाकडात तेल असतं त्यामुळे ते पाण्यात कुजत नाही, म्हणून होड्यांसाठी तोडलं गेलं. आता जिवंत झाड तोडता येत नाही, पडलेलं आणि जुनं लाकूडच गिरणीत येतं. तिथून घेतलेला एक ठोकळा माझ्या कपाटात आहे. लुगड्यांना अजून त्याचा गोडसर वास येतो.

याच गावातून १९८२-८३ च्या उन्हाळ्यात माणसं होड्यांत बसून गॉर्डन नदीवरून वर गेली होती, फ्रँकलिन नदी बुडवणारं धरण अडवायला. बाराशेहून जास्त लोकांना अटक झाली. गाव दोन बाजूंना फाटलं, कारण धरण म्हणजे पगार होता. १ जुलै १९८३ ला ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन अशा निकालानं ते थांबवलं. हॉबार्टकडे जाताना रस्त्यावरचा पूल त्याच फ्रँकलिनवरून जातो. खाली उतरायला छोटी पायवाट आहे. पाणी कोऱ्या चहासारखं, गवताच्या मुळांनी रंगलेलं. ओंजळीत घेतलं की मात्र स्वच्छ दिसतं.

अजून दोन गावं सांगते, भराभर. रॉस, हॉबार्ट-लॉन्सेस्टन रस्त्याच्या जरा आत. १८३६ मध्ये कैद्यांनी बांधलेला दगडी पूल आहे, कमानींवर १८६ दगड कोरलेले आहेत. कोरणारा डॅनियल हर्बर्ट स्वतः कैदी होता, आणि या कामाबद्दल त्याला मोकळीक मिळाली. सकाळी उन्हं तिरपी असताना नदीकाठी खाली उतरून बघा, चेहरे उठून दिसतात. दुसरं शेफिल्ड. माणसं गाव सोडायला लागली होती, तेव्हा १९८६ पासून त्यांनी भिंतींवर आपल्याच गावाच्या गोष्टी रंगवायला घेतल्या. आज लोक त्या बघायला थांबतात.

आणि पाट्यांवर काही ठिकाणी दोन नावं दिसतील, जसं हॉबार्टच्या डोक्यावरचा कुनानी / माउंट वेलिंग्टन. पहिलं नाव तिथल्या मूळ लोकांचं, पालावांचं. इंग्रज येण्याआधी हजारो वर्षं ते या बेटावर होते. वसाहतीच्या पहिल्या काही दशकांत त्यांचा संहार झाला, उरलेल्यांना बेटावरून हलवलं गेलं. त्यांचे वंशज आजही आहेत आणि ती भाषा पुन्हा जुळवत आहेत. गाडी चालवताना ही नावं मोठ्यानं वाचा, सोबतच्यांनाही वाचायला लावा.

प्रश्न : मी ३४ वर्षांची, एकटी जाणार आहे. सुरक्षित आहे का? (मनीषनगर)

उत्तर : माणसांपासून भीती वाटावी असं मला सोळा दिवसांत काही दिसलं नाही. काळजी घ्यायची ती हवेची आणि नेटवर्कची. क्रेडलला कुठल्याही महिन्यात बर्फ पडू शकतं. पायवाट सुरू होते तिथल्या वहीत नाव आणि वेळ लिहायला विसरू नकोस, आणि परतल्यावरही लिही. पश्चिमेला तासन्‌तास मोबाईल लागत नाही. नकाशे आधी उतरवून ठेव आणि सिम घेताना टेल्स्ट्राच्या नेटवर्कचं घे, आडगावात तेच जास्त ठिकाणी लागतं. रोज सकाळी घरी आजचा मार्ग आणि मुक्कामाचं नाव पाठव. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भर, डर्वेंट ब्रिज या गावापासून क्वीन्सटाऊनपर्यंत मध्ये पंप नाही. अडचणीत ०००. आणि वर त्रिमूर्तीनगरच्या दादांना जे सांगितलं ते तुलाही, अंधाराआधी मुक्काम. एकटी असलीस तर दोन तास आधी.

प्रश्न : पाच वर्षांचा मुलगा आहे, गाडीत उलट्या होतात. नेऊ का? (प्रतापनगर)

उत्तर : न्या, पण पश्चिम नको, पूर्व किनारा करा. सात वर्षांपर्यंत मुलांना वयानुसार वेगळी सीट कायद्यानं लागते, ती गाडीसोबतच आरक्षित करा, ऐनवेळी मिळत नाही. दर तासाला समुद्रावर उतरवा.

प्रश्न : मी सातवीत आहे. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत टास्मानियाला जाणार आहोत. मला टास्मानियन टायगर दिसेल का? आणि डेव्हिल? (सोमलवाडा)

उत्तर : बाळा, टायगर नाही दिसणार. त्याला थायलासिन म्हणतात. तो वाघ नव्हता, पोटाला पिशवी असलेला, पाठीवर पट्टे असलेला प्राणी होता. मेंढ्या खातो म्हणून सरकारनं त्याला मारायला बक्षीस लावलं होतं. शेवटचा हॉबार्टच्या प्राणिसंग्रहालयात ७ सप्टेंबर १९३६ ला गेला. १९३३ ची त्याची एक छोटी फिल्म आहे, इंटरनेटवर सापडेल. बाबांना लावून द्यायला सांग. पिंजऱ्यात येरझाऱ्या घालतो आणि एकदा जांभई देतो, तेव्हा जबडा केवढा उघडतो ते नीट बघ.

डेव्हिल मात्र दिसेल. क्रेडलजवळ आणि इतरही ठिकाणी ते सांभाळून वाढवतात, तिथे संध्याकाळच्या खाण्याच्या वेळी जा. एकमेकांवर असे ओरडतात की अंगावर काटा येतो. पण ते ठिकाण मुक्कामापासून जवळ असलं पाहिजे, म्हणजे परतताना बाबांना अंधारात फार गाडी चालवावी लागणार नाही. आणि तेवढ्या रस्त्यात तू पुढच्या सीटवरच्यांना झोपू देऊ नकोस, दोन्ही बाजूंच्या झुडपांवर लक्ष ठेवायला सांग. तूही ठेव.